निळ्या फुलांची थाळी

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण ज्या थाळीची ही गोष्ट आहे, ती मी माझ्या हातांनी घासली आहे.

युस्निदार इंडोनेशियातल्या पादांगहून कैरोत शिकायला आली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बाप नाही, भावंडं नाहीत. मागे आई, तिच्या बोलीत अमाक, एकटी. त्या अमाकनेच लेकीला ढकलून पाठवलं होतं. "माझ्या काळजीने परत आलीस, तर दार उघडायची नाही," असा दमही भरला होता.

विमानातून उतरली, त्या दिवशी ती माझ्याकडे जेवली, घरून आणलेल्या निळ्या फुलांच्या थाळीत. मग आमच्याच दर्रासा मोहल्ल्यात, उम्म हानीच्या घरात तिला सगळ्यात वरची खोली मिळाली.

पहिल्याच आठवड्यात... मावळतीची, मगरिबची अजान संपता संपता...

कुर्र... कुर्र...

कप्पीचा आवाज. दोरीला बांधलेली टोपली खिडकीसमोर उतरली आणि थांबली.

त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्या गल्लीत बायका वरूनच टोपली सोडतात, दुकानदाराला हाक मारतात, भाजी ओढून घेतात.

पण या टोपलीमागे हाक नव्हती.

आत, फडक्याखाली, गरम रोटी.

शेजारीण मायाळू दिसते, युस्नीला वाटलं. तिने रोटी घेतली. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करायचं? घरची शिकवणच तशी. अमाकने बांधून दिलेलं रेंदांग, ते मसाल्यात आटवलेलं मांस, तिने त्याच निळ्या फुलांच्या थाळीत वाढलं आणि टोपलीत ठेवलं.

दोरी वर गेली.

थाळी परत आली नाही.

सकाळी तिने घरमालकिणीला विचारलं, "खाला, माझ्या वर कोण राहतं?"

"कबुतरं," उम्म हानी म्हणाली. "मेली भाडंही देत नाहीत."

"मग काल रोटी कुणी पाठवली?"

उम्म हानीचं हसू मावळलं. ती तिला गच्चीवर घेऊन गेली. गंजलेलं कुलूप कसंबसं उघडलं.

कठड्याला कप्पी होती...

दोरी नव्हती.

"पोरी, टोपली रिकामीच पाठवलीस ना?"

"रिकामी कशी पाठवू, खाला? आईच्या हातचं रेंदांग दिलं."

उम्म हानीने कप्पीकडे बोट केलं. "नर्गिस राहायची इथे, गच्चीवर. एकटी. तुझ्या खोलीत जो येईल, त्याला रोटी सोडायची. उलट काही येईल म्हणून वाट बघायची. मरेपर्यंत कुणी काही पाठवलं नाही गं... तू पाठवलंस, तेही तुझ्या घरचं. आता ती तुमचं घर सोडायची नाही."

त्याच दुपारी युस्नी सामान घेऊन माझ्याकडे आली. अमाकला यातलं काही कळता कामा नये, हे एकच पालुपद.

अंधारून आलं, आणि अमाकचाच फोन आला.

"अगं वेंधळे, निळी थाळी इथेच विसरलीस होय? मागच्या दारात सापडली. वर फडकं, आत रोटी. गरम! ही कुठली गं शेजारीण?"

"अमाक, हात लावू नकोस!"

"लावू नकोस काय? खाऊन झाली. आता रिकामी कशी द्यायची? भात वाढून ठेवलाय बाहेर."

"आत घे ती! अमाक, आत घे!"

तेवढ्यात फोनमधून...

कुर्र... कुर्र...

अमाकचं घर बैठं आहे. वर नुसते पत्रे.

"अगं बाई, हळू ओढ," अमाक कुणाला तरी म्हणाली. "सांडेल ना."

युस्नीने परतीचं तिकीट काढलं, तेव्हा अमाक हसली.

"तू शीक गं. मी आता एकटी नाही."