त्या बाळाचा घास

“माझ्या हातात विष आहे का, आई? असेल तर आजच सांगा... म्हणजे मी स्वयंपाकघरात पाऊल तरी ठेवणार नाही!”

नीलमने डाव हवेतच धरला होता आणि डावाच्या टोकाला चिकटलेला भाताचा गोळा पडावं की पडू नये अशा संभ्रमात लोंबकळत होता. रविवारची दुपार. पानात सुरमईची तुकडी, वाटीत सोलकढी, वाफाळता भात... आणि अनसूयाबाईंनी हात लावण्याआधीच आपल्या पानातला निम्मा भात, कुणाचं लक्ष नाही असं समजून, अलगद पुन्हा पातेल्यात सारला होता. लक्ष सगळ्यांचं होतं.

“अगं, तसं नाही गं बाळा... भूकच नाही.”

“महिना झाला भूक नाही! परवा लिफ्टमध्ये जिग्नाबेन मला विचारतात, ‘तमारां सासु केम सुकाई गयां?’ म्हणजे काय? म्हणजे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतंय की मी सासूला पापडासारखी वाळवतेय!”

“नीलम, जरा हळू...” अभिनव म्हणाला. तो मघापासून सुरमईचा काटा काढत होता आणि काटा सुखरूप निघाल्यावरच त्याने संसारात लक्ष घातलं. अभिनवला डॉक्टरांनी वजन कमी करायला बजावून सांगितलं होतं आणि अनसूयाबाईंना वाढवायला. मीरा रोडच्या पूनम सागर बिल्डिंगमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एक माणूस सांगूनही खाणं कमी करत नव्हता आणि एक माणूस सांगूनही खात नव्हतं; सरासरी काढली असती तर कुटुंब ठणठणीत होतं.

अनसूयाबाई खाली मान घालून बसल्या. काय सांगणार होत्या त्या? ज्या सुनेने बारा वर्षं या घराचा भार मुकाट्याने वाहिला, तिच्या डोळ्यांत आज आपल्यापायी पाणी उभं राहिलंय, हे त्यांच्या काळजाला चरे पाडत होतं... पण खरं कारण ओठांवर आणायचं, तर त्याच ओठांनी मुलाच्या माथ्यावर एक पातक ठेवावं लागणार होतं. आणि ते त्या कालत्रयी करणार नव्हत्या!

सुरुवात बातम्यांनी झाली होती.

एका संध्याकाळी शेंगा निवडता निवडता त्या टीव्ही बघत होत्या. सुदानमधल्या कुठल्याशा वेढा पडलेल्या शहराची बातमी लागली. एक बाई चुलीवर काहीतरी शिजवत होती, मांडीवर पोर होतं. पोर कसलं, नुसते डोळे होते. निवेदिका म्हणाली, “येथील नागरिकांवर पशुखाद्य खाण्याची वेळ आली आहे,” आणि पडद्यावर त्या पशुखाद्याचे तपकिरी, कडक तुकडे दिसले. अनसूयाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते तुकडे त्यांनी ओळखले! पेंड... शेंगदाण्याची पेंड! माणगावला माहेरी म्हशीसाठी त्या स्वतः रोज घमेल्यात भिजत घालायच्या. म्हैस खायची. आणि ही बाई ती पोराला भरवत होती... बोटाने बारीक करून, फुंकर घालून.

ती फुंकर बघितली आणि त्यांच्या आत काहीतरी उन्मळून पडलं. कारण तशीच फुंकर घालून त्यांनीही एका पोराला भरवलं होतं. परळच्या चाळीत, चाळीस वर्षांपूर्वी.

अभिनव लहानपणी जेवायचा नाही. आज हे सांगितलं तर कोर्टही ऐकून घेणार नाही, पण ते खरं होतं. हा घास काऊचा, हा घास चिऊचा, हा माऊचा... करता करता सगळे प्राणी जेवून जायचे आणि वाटी भरलेलीच राहायची. मग चाळीतली माणसं. ती संपली की नातेवाईक. शेवटी शेजारच्या टीव्हीवर इथिओपियातल्या दुष्काळाची चित्रं दिसू लागली आणि अनसूयाबाईंना हुकमी घास सापडला. “हा घास त्या इथोपियाच्या बाळाचा! खा लवकर... नाहीतर तो बाळ येईल आणि सगळं खाऊन टाकेल हं!” की अभिनव घाबरून मटकन तोंड उघडायचा. घास आत! पुन्हा तो बाळ दाराशी यायचा, पुन्हा घास आत! महिनाभरात अभिनवचे गाल वर आले. चाळीतल्या बायका विचारायच्या, कसलं टॉनिक देतेस गं?

आणि आता, आयुष्याच्या संध्याकाळी, हातात शेंग धरून बसलेल्या त्या मातेला प्रथमच उमगलं की आपण काय केलं होतं! ज्या पोराच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, त्याचा आपण बागुलबुवा केला. त्याचं नाव घेऊन घास उचलला आणि आपल्या पोराच्या तोंडात घातला. एक नाही, दोन नाही... रोज! तो बाळ कधीच आला नाही दाराशी. कसा येणार? त्याला चालताच येत नव्हतं...

त्या रात्री त्यांच्याने घास गिळवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग त्यांनी मनाशी ठरवलं की आपल्या पानातला निम्मा भात आपला नाही. तो कुणाचा, कसा पोचणार, हे त्यांना सांगता आलं नसतं. तो आपला नाही, एवढं मात्र पक्कं होतं.

आधी त्यांनी उपासांचा आधार घेतला. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी पोट बिघडायचं. पण नीलम गुणाची सून! ती उपासाला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे काप आणि वरीचे तांदूळ करू लागली. उपासाचं पान जेवणाच्या पानापेक्षा जड झालं. मग अनसूयाबाईंनी निर्जळी सुरू केली, तेव्हा मात्र नीलमची खात्री पटली की हे देवाचं काम नाही. हे आपल्याविरुद्ध आहे.

आणि म्हणून आज हा डाव...

“ठीक आहे,” नीलमने डाव ओट्यावर आपटला. भाताचा गोळा पडला एकदाचा. “मी जाते खारीला, आईकडे. मी नसले की लागेल तुम्हाला भूक. तुम्हा मायलेकांना काय हवं ते बाहेरून मागवा!”

माहेर रिक्षाच्या अंतरावर असण्याचा एक तोटा असतो. धमकी आणि अंमलबजावणी यांत विचार करायला वेळ मिळत नाही. नीलमने पिशवीत दोन साड्या कोंबल्या, मोबाईलचा चार्जर कोंबला, आणि घाईघाईत अभिनवची ऑफिसची चप्पल घालून निघाली.

“नीलम! नको गं, पोरी... तुझं काही चुकलेलं नाही! माझंच...”

अनसूयाबाई धडपडत उठल्या. दारापर्यंत पोचल्या. उंबऱ्याजवळ त्यांनी हात पुढे केला... आणि महिनाभर निम्म्या भातावर उभा असलेला तो देह, आवाजसुद्धा न करता, नीलमच्या पायाशी कोसळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सिंग होममध्ये सलाईनचे थेंब पडत होते. अभिनव आईच्या उशाशी स्टुलावर बसला होता, आणि स्टूल ते सहन करत होतं.

“डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. उपासमार आहे. उपासमार, आई! मीरा रोडला! फ्रीजचं दार लागत नाही आपल्या इतकं भरलंय, आणि माझी आई... मला सांग ना गं, काय चुकलं माझं?”

त्याचे डोळे भरून आले होते. आणि अनसूयाबाईंना वाटलं, सांगितलं नाही तर हा उगाचच स्वतःला दोष देत बसेल. सांगितलं तर कारणासहित देईल. त्यांनी सांगून टाकलं. पेंड, ती फुंकर, तो बाळ... सगळं! सांगून झाल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारख्या स्फुंदू लागल्या.

अभिनवने सावकाश आपल्या पोटाकडे पाहिलं.

“म्हणजे हे...”

“नाही रे राजा! तुझा काय दोष? तुला काय कळत होतं!”

“अगं पण आई, तो घास काऊलासुद्धा कुठे मिळाला? ते नुसतं म्हणायचं असतं!”

“काऊ उपाशी मेला नव्हता रे!”

अभिनवने कुरिअर कंपनीत वीस वर्षं तक्रारी निस्तरल्या होत्या. त्याने घाईघाईत मोबाईल काढला, तिकडे अन्न पोचवणारी एक संस्था शोधली आणि पैसे पाठवले. लगेच निरोप आला. तो त्याने आईला वाचून दाखवला. “‘धन्यवाद, अभिनव.’ बघ!”

“परत तुझ्याच नावावर?” अनसूयाबाई कळवळून म्हणाल्या.

“खातं माझं आहे ना, आई...”

“पोचेल ना पण? त्या बाईपर्यंत?”

“कुणापर्यंत तरी नक्की पोचेल.”

“मग पाठवत जा बाबा. नाव कुणाचंही असू दे.” त्यांनी डोळे मिटले. “पण मला नको जेवायला सांगूस. घास उचलला की ते डोळे दिसतात रे...”

“मला माहितीये तुमचा भात कुठे गेला.”

दारात नीलम उभी होती. हातात डबा, पायांत अजून नवऱ्याचीच चप्पल, आणि डोळे रडून रडून लाल. ती केव्हा आली होती कुणालाच कळलं नव्हतं. खारीला ती गेलीच नव्हती; रात्रभर याच नर्सिंग होमच्या बाकड्यावर बसून होती आणि दुपारी तेवढा डबा करायला घरी जाऊन आली होती.

“सुदानला नाही गेला, आई. मला मिळाला.”

“काय म्हणतेस?”

“तुम्ही रात्री पातेल्यात सारलेला भात सकाळी कोण खाणार? ह्यांना पोहे लागतात, तुम्ही निर्जळी. टाकवत नाही माझ्याच्याने. फोडणी द्यायची आणि ओट्याशी उभ्याउभ्या खायचा. रोज.” ती शांतपणे बोलत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. “आणि रोज संध्याकाळी पुन्हा तुमच्या वाटणीचे तांदूळ घालायचे... म्हटलं, आज तरी जेवतील.”

अनसूयाबाई उठून बसायला धडपडू लागल्या. सलाईनची नळी ताणली गेली, अभिनव घाबरून उभा राहिला. “महिनाभर? महिनाभर तू शिळा भात खाल्लास? अगं बाई... आणि मला वाटत होतं मी त्याग करतेय!”

“शिळ्याचं काही नाही हो, आई. सवय आहे.” नीलम कॉटच्या कडेला टेकली. “माझे बाबा मिठागरावर होते. पावसाळ्यात मिठागर बंद म्हणजे घरात चूल एकदाच. आमची आईसुद्धा म्हणायची, हा घास दादाचा. फक्त आमच्याकडे तो खरोखर दादालाच जायचा. आमचा घास अगदी बरोबर पत्त्यावर पोचायचा. शेजारीण विचारायची, पोरीचं काय गं? आई म्हणायची, ‘ती न्हाय रडत.’” तिने पदराने नाक पुसलं. “म्हणून सांगते. कुणी माझ्यासाठी उपाशी राहिलं असतं तर माझं पोट भरलं नसतं. उपाशी राहण्याने काही होत नाही, आई. मी करून बघितलंय.”

अनसूयाबाई सुनेकडे पाहत राहिल्या... जणू बारा वर्षांत प्रथमच पाहत होत्या! तिचं मनगट किती बारीक होतं! ही पोरगी आपल्याला ताटावर बसवून स्वतः शेवटी जेवते. काय उरतं, किती उरतं, उरतं की नाही, हे आपण एकदाही मान वळवून बघितलं नाही. हजारो कोसांवरची भूक त्यांना दिसली, रात्रंदिवस जाळत राहिली. ती खरीच होती. त्यात खोटं काही नव्हतं. पण ओट्याशी उभी असलेली भूक त्यांच्या पाठीमागे होती...

“डब्यात काय आहे?” त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“मऊ भात. वरण.”

“गरम आहे?”

“आत्ताच केलाय.”

“मग तू आधी खा. इथे, माझ्यासमोर. बसून.”

“तुमच्या आधी?” नीलम गोंधळली. “आई, अहो सलाईन तुम्हाला लागलंय...”

“नीलम!” त्या आवाजात बारा वर्षांचा सगळा सासूपणा एकवटला होता, आणि तो पहिल्यांदाच योग्य कामाला लागला होता. “मी सांगते ना!”

नीलमने डबा उघडला. वाफ वर आली. तिने एक घास घेतला, आणि तो तोंडात घोळत असतानाच तिचा बांध फुटला. अनसूयाबाईंनी सुई नसलेला हात पुढे करून तिचं डोकं छातीशी ओढलं. “चुकले गं पोरी... फार चुकले...” अभिनव पायथ्याशी उभा राहून हुंदके देत होता. नर्स आत आली, तिघांना पाहून तिला वाटलं पेशंट गेला. ती पेशंटकडे बघून दचकली आणि परत गेली.

मग अनसूयाबाईंनी त्याच डब्यातून भात घेतला. बोटांनी बारीक केला. घास वर उचलला... आणि हात पुन्हा थांबला.

“तिचं काय होईल गं?” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “त्या बाईचं? त्या पोराचं?”

अभिनवने काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं. नीलमने त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते मिटलं.

“माहीत नाही, आई,” नीलम म्हणाली.

अनसूयाबाईंनी मान हलवली. इतके दिवस त्या एवढंच उत्तर घेऊन एकट्या बसल्या होत्या. ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून आलं होतं. त्यांनी घास तोंडात घातला. दोघी एकाच डब्यातून जेवत राहिल्या. रडताना घास लवकर उतरत नाही, म्हणून बराच वेळ लागला.