मलप्पाची हजेरी

चहा घ्या आधी, मग ऐका. आणि मधेमधे 'खरंच का बाई' म्हणायचं नाही, मला त्याचा राग येतो. आमच्या वडलांनी छप्पन साली घरातले देव बाहेर काढले, त्यांच्याबरोबर भुतंही गेली. असल्या गोष्टींवर वाढलेली बाई मी नव्हे. वाढले बिलोलीकडं, आणि नोकरी लागली ती पार इकडं, उदगीरहून देवणीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात. शाळेत.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, साहेब नवे, पाणी मात्र कुठंच नाही. पावसानं पाठ फिरवलेली. भाद्रपद चालू, तरी उन्हाळ्यासारखी झळ लागायची. टँकर यायचा चौकात, आणि बायका सकाळपासनं घागरी ओळीनं मांडून बसायच्या. अशात गावाला मिळालं काय, तर स्मारक. निजामाच्या काळात लढताना जे गेले त्यांचं. एक चौथरा, मधे जाडजूड दगडी खांब, त्यावर कोरलेली नावं, मागं लांबट खोली. खोलीत तसबिरी लावायच्या होत्या, पण गेलेल्यांतल्या एकाचाही फोटो नव्हता. गरिबाचा फोटो कोण काढून ठेवतं? मग कुण्या चित्रकाराकडनं चित्रं काढून आणली. सगळे ताठ मानेचे, गोरेगोमटे आणि सगळे तरुण.

उद्घाटन सतरा सप्टेंबरला ठरलं. हेडमास्तर विरूपाक्ष गुरुजी मला म्हणाले, "नीलाबाई, कायतरी नवं बसवा. नुसतं झेंडागीत नको."

मास्तरणीला दुसरं काय सुचणार? हजेरी. मी एकेका हुतात्म्याचं नाव पुकारायचं आणि पोरांनी एका दमात म्हणायचं, 'हजर.' गुरुजी खूश झाले. म्हणाले, "साहेबाच्या डोळ्यांत पाणी येतंय बघा." म्हटलं, येऊ दे, गावात कुठंतरी येऊ दे.

दुपारच्या सुट्टीत तालीम धरली. वर ऊन मी म्हणत होतं, चौथऱ्यावर पाय टेकवत नव्हता. मी पुकारलं, नरसिंग व्यंकटी. पोरं ओरडली, हजर. मग पुकारलं, मलप्पा शंकरप्पा.

पोरांनी तोंड उघडायच्या आधीच खांबामागनं आलं, "हजर."

एकट्याचा आवाज. बाप्याचा, पण कोवळा, लांबून पळत आल्यावर दम लागतो तसा. मला वाटलं कुणी टवाळ लपलंय. छडी घेऊन मागं गेले तर तिथं काहीच नव्हतं. फक्त वास होता, घोंगडी जळाल्यावर येतो तसला, नाकात बसणारा. पोरं आपसात विचारत होती, कोन बोललं रे? गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "नवं बांधकाम हाय, घुमतं." मग नरसिंग का घुमत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्याचं नाव खाली कोरलंय." हेडमास्तरांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

तेवढ्यात माझं लक्ष चौकाकडं गेलं. घागरींच्या रांगेतनं एक बाई उठून उभी राहिली होती. मलप्पाची बायको, गुरम्मा. टँकर समोर लागलेला, आणि तिनं आपली जागा सोडलेली. त्या साली रांगेतली जागा म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. मागच्या बायका तिची घागर पायानं सरकवून पुढं गेल्या, तरी ती खांबाकडंच बघत होती.

दिवेलागणीला ती माझ्या खोलीवर आली. दारातच बसली. 

"बाई," मग म्हणाली, "तुमी नाव घेतलं की ते बोलतेत."

मी म्हटलं, घुमतं ते. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि मला माझीच लाज वाटली.

मग तिनं सांगितलं. नवीन लग्न झालेलं, ती अजून पोरच. मलप्पा सरहद्दीपल्याडच्या कॅम्पात जायचा, रझाकारांशी लढणाऱ्या पोरांत. एका रात्री घरी आला, आणि उजाडायच्या आत निघालाही. सासूनं भाकरी बांधून दिली आणि विचारलं, गुरम्माला उठवू का? तो म्हणाला, झोपू दे तिला, परत आल्यावर बोलतो. त्यांच्या टोळीनं त्या दिवशी करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका जाळला. बाकीचे परतले. हा ना जिता आला ना मेलेला. मातीसुद्धा मिळाली नाही.

"सासू मरेपर्यंत म्हनायची, उठवायला पायजे होतं गं तुला." गुरम्मा पदराचं टोक पिळत होती. "मी झोपले होते बाई. त्या एका झोपेपायी जलमभर जागी हाय. मला त्यांच्यासंगं एकदा बोलायचंय. बाकी कायबी नको."

नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. भीती वाटली का? वाटली की. पण तिच्या तोंडाकडं बघून भीती सांगायची सोय नव्हती.

रविवारी भर दुपारी आम्ही दोघीच गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही, कुत्रीही सावली धरून पडलेली. चौथऱ्यावर चढलो तर अंगाला गारवा लागला. मी पुकारलं, मलप्पा शंकरप्पा.

"हजर."

गुरम्मानं माझा दंड धरला. मी म्हटलं, "मलप्पा, तुझं माणूस आलंय." काहीच नाही. पुन्हा नाव घेतलं. पुन्हा 'हजर', तेवढंच. कॅम्पात हजेरी घेत असतील तेव्हा जसा बोलला असेल तसा. नावाला ओ द्यायचा आणि गप्प व्हायचा.

"गुरम्मा, तुम्हालाच हाक मारावी लागेल," मी म्हटलं. "नावानं."

ती मागं सरकली. नवऱ्याचं नाव? लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यावर कधी नाही. आपल्याकडं कोण घेतं? तिनं पदर डोक्यावरनं कपाळापर्यंत ओढला. दोनदा ओठ उघडले, दोनदा मिटले. तिसऱ्यांदा घशातनं कसंबसं निघालं, "मलप्पा…"

जळकट वास वाढत गेला.

"कोन हाय?"

"मी… गुरम्मा."

"न्हाई," खांबामागनं आलं. "माझी बायको माझं नाव घेत नसती."

गुरम्मा मटकन खाली बसली. मला वाटलं आता उठवून न्यावं, पुरे झालं. एवढी वर्षं जे पाळलं ते मोडलं, आणि मोडलं म्हणूनच तो ओळखेना. मी तिच्या खांद्याला हात लावला. तो झिडकारून ती खांबाकडं तोंड करून म्हणाली, अगदी हळू, "येन्री…"

आमच्या बिलोलीकडं तेलुगू मिसळतं, इकडं कानडी. 'येन्री' म्हणजे 'अहो'. चुलीपाशी बसून नवऱ्याला हाक मारावी तशी ती म्हणाली. त्याबरोबर खांबामागं पावलं वाजली. सावकाश, आमच्याकडं येणारी. मी डोळे मिटून घेतले. लाजायचं काय त्यात, तुम्हीही मिटले असते.

पावलं अगदी जवळ थांबली.

"अव्वा?"

मी डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं. गुरम्माचा चेहरा मात्र मी जन्मात विसरणार नाही. तिचा आवाज थेट सासूसारखा झालाय, असं गावातल्या म्हाताऱ्या नेहमी म्हणायच्या. तो परत आला होता, आणि त्याला आई भेटली होती.

"अव्वा… गुरम्मा उठली का?"

मी बोलणार, तोच गुरम्मानं माझ्या तोंडावर हात दाबला. कोरडा, खरखरीत हात. आणि आईनं बोलावं तसं म्हणाली, "उठली रे, बाळा."

"मग पाठव की तिला… उजाडायच्या आत बघून जातो."

बाहेर टळटळीत दुपार होती.

"पाठवते," गुरम्मा म्हणाली.

चौथरा उतरेपर्यंत ती सरळ चालली. मग रिकाम्या चौकात, घागरी मांडायच्या जागेवर, फतकल मारून बसली. "पाठवते म्हनलं मी, बाई. आता तिला कुठनं पाठवू?" ती रडली नाही. रडले ती मी.

उद्घाटन थाटात झालं. पोरांच्या कल्लोळात त्याचा 'हजर' कुणाला ऐकू गेला नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, गुरम्माला शाल आणि नारळ दिला. खोलीतल्या चित्रापुढं उभी राहून ती मला म्हणाली, "ह्यो कोन?" मी म्हटलं, तुमचेच. ती म्हणाली, "न्हाई, ते काळे होते."

थंडीत ती गेली. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवून, हातात लिंग देऊन, शेतात माती दिली. मीही मूठभर टाकली. मनात म्हटलं, जा बाई, तुझी तू जाऊन भेट एकदाची. देव न मानणारी मी, पण त्या दिवशी मला कुठंतरी कुणीतरी असावं असं फार वाटलं.

पुढच्या सप्टेंबरात पुन्हा हजेरी. मी पुकारलं, मलप्पा शंकरप्पा. खांबाच्या या बाजूनं आलं, "हजर." आणि खांबाच्या पल्याडनं, तोच चिरका, थकलेला आवाज, "येन्री…"

मग तो म्हणाला, "अव्वा, गुरम्मा उठली का?"

मरूनही तिचं वय उतरलं नव्हतं. आणि त्याचं वाढत नव्हतं. वाढेल कसं? दरसाल आम्हीच त्याला तरुण म्हणून पुकारतो, भाषणात तरुण म्हणतो, चित्राचा रंग उडाला की नवा देतो.

मी रिटायर झाले, तरी ही हजेरी मीच घ्यावी असा गावाचा हट्ट. आता मी गुरम्मापेक्षा म्हातारी आहे. आणि दरसाल ते दोघं, मधे एक खांब, तेच बोलणं. गेल्या साली मला सोसेना. सगळे पांगल्यावर मी एकटी थांबले. नाव घेतलं. तो 'हजर' म्हणाला. मी म्हटलं, "मलप्पा, ऐक माझं. ती तुझी अव्वा नव्हे रे. तीच गुरम्मा."

तो हसला. पहिल्यांदाच हजरशिवाय मला काही बोलला.

"थट्टा करता का, बाई? तिला काय मी वळखत न्हाई?"

आणि माझ्या कानाशी, श्वास लागावा इतक्या जवळ, कुणीतरी हलकेच म्हणालं, "सांगू नका त्यांना, बाई… पाठवते म्हनलंय मी."