घावाआधीची रेघ

एडक्याचं वजन पंधरा किलो दोनशे ग्रॅम भरलं आणि गुरुवारचं जेवण त्या वादातच गेलं. पंधराच्या वर एक ग्रॅम चालत नाही. शनिवारी निपाणीच्या स्पर्धेत आधी काट्यावर ठेवणार, मगच आत घेणार. दोनशे ग्रॅम म्हणजे तरी किती, तर चार लिंबं. पण तयार यंत्राच्या अंगातनं चार लिंबांचं लोखंड काढायचं कुठनं, यावर आप्पा, आदर्श आणि रचना, तिघा बापलेकांची तीन मतं. शेवटी डाव्या अंगाचा पोलादी पत्रा काढून तिथं ॲल्युमिनियमचा बसवायचं ठरलं. त्या पत्र्याच्या आत बॅटरी होती, म्हणून रचनाला ते पटलं नव्हतं. पण दोघांपुढं एकीचं किती चालणार.

आता एडका म्हणजे जत्रेतल्या टकरीतला नव्हे. हा परातीएवढा, चार चाकांचा, बुटका रोबो. तोंडाला दातेरी ड्रम, मिनिटाला आठ हजार फेरे घेणारा. समोरच्या रोबोला उचलून आपटायचं, एवढंच त्याला येत होतं. नाव आप्पांनी ठेवलेलं, कारण नंदगडकडं लहानपणी त्यांनी एडक्यांच्या टकरी पोटभर बघितल्या होत्या.

आप्पा म्हणजे आण्णाप्पा, मच्छेच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभं राहिलेला माणूस. रिटायर झाल्यावर महिनाभर त्यांनी गल्लीतल्या सगळ्या गेटांची बिजागरं नीट केली. गेटं संपली तसे बाजेवर बसले, ते बसलेच. आठ महिने. जेवायला हाक मारली तर 'कशाला' म्हणायचे. माणूस गेल्यावर रडता तरी येतं, हे बसलंय म्हटल्यावर रडायचीबी चोरी, असं त्यांची बायको मालुबाई शेजारणीला सांगायची. मग एक दिवस धाकट्या आदर्शनं, जो खडेबाजारात मोबाईल दुरुस्त करतो आणि हौसेनं रोबो जोडतो, कुठनं तरी करून आणलेला शाफ्ट त्यांच्यापुढं ठेवला. आप्पांनी तो बोटांत फिरवला, 'ही कुठल्या गाढवाची करणी' म्हणाले आणि उठले. त्यानंतर अकरा महिने ते घरामागच्या शेडात होते. ड्रम त्यांनीच घडवला.

म्हणून रचनाला निपाणीची ढाल मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखंच होतं. एडका धड घरी यायला हवा होता. दुसरा करायचा म्हणजे परत मोटरी जमवण्यात दोन-तीन वर्षं जाणार, आणि तेवढ्यात आप्पा परत बाजेवर बसणार. ही भीती तिनं आदर्शलाही स्पष्ट बोलून दाखवली होती. रिमोट तिच्याकडं असायचा, कारण तिचा हात थरथरत नाही. एका फाउंड्रीत ती तयार माल तपासायची. बाकीच्या बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात तसा ती मिलिमीटर मोजायचा व्हर्नियर ठेवायची, आणि मोजल्याशिवाय कशावरही बोलायची नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं एडका शेवटचा तपासला, तेव्हा मागच्या उजव्या पत्र्यावर एक रेघ दिसली. निळसर, वेल्डिंगच्या कडेला लोखंड तापून निळं पडतं तसली. तिथं वेल्डिंग झालेलंच नव्हतं. नख फिरवलं तर अडकत नव्हतं. थिनरनं पुसली, गेली नाही. मोजली तर बेचाळीस मिलिमीटर. तिनं फोटो काढला आणि आदर्शला विचारलं. त्यानं शाळेत फळा कुणी खरडला म्हणून विचारल्यावर झटकायचा तसे हात झटकले.

शनिवारी सातला ओम्नी निघाली. काकती, हत्तरगीचा टोलनाका, संकेश्वर, मग तवंदीचा घाट उतरून निपाणी. आप्पा सगळी वाट एडक्यावर हात ठेवून बसले होते. खेळ होता एका जुन्या तंबाखूच्या वखारीत. हौशी पोरांच्या मंडळानं ती झाडून काढून मधोमध जाड पारदर्शक शीटचा पिंजरा उभा केला होता. माइकवर एकजण आधी कानडीत, मग मराठीत पुकारत होता. वखार कितीही धुतली तरी तंबाखू भिंतीतनं जात नाही. येईल तो माणूस आधी दोन शिंका द्यायचा, मग बोलायचा.

पहिली लढत गडहिंग्लजच्या पोरांशी झाली. तीन मिनिटांत एडक्यानं त्यांना दोनदा उलटं केलं आणि स्वतः एकच घाव खाल्ला, मागं, उजवीकडं. टेबलावर आणल्यावर रचनानं व्हर्नियर लावला. बेचाळीस. फोटोतली रेघ जिथं सुरू होत होती तिथंच चीर सुरू होत होती, जिथं संपत होती तिथंच संपत होती. आदर्श म्हणाला, बोलाफुलाला गाठ पडली. तिनंही मान हलवली. कारखान्यात एक नग वाकडा निघाला तर कुणी ओरडत नाही, दुसरा निघाला की मशीन थांबवतात.

दुसरी रेघ जेवणानंतर आली. पुढच्या कोपऱ्यावर, सत्तावीस मिलिमीटर. आदर्श समोर स्टूल टाकून बसलेला, टेबलाजवळ कुणी फिरकलं नव्हतं. त्याला शिंक आली, डोळे मिटले, उघडले, तर रेघ होती. तासाभरानं लढतीत घाव तिथंच बसला, आणि सत्तावीसच भरला.

खरं तर भ्यायला पाहिजे होतं. पण रचनाला खोटं कशाला बोलायचं, मजा वाटत होती. उभ्या आयुष्यात तिनं मोजलेली प्रत्येक गोष्ट आधी घडलेली होती. ही पहिलीच, जी घडायच्या आधी मोजता येत होती. रात्रीच्या मुक्कामाला आत्या नागुबाईच्या घरी गेल्यावर दोघं बहीणभाऊ आप्पांच्या नकळत तेच बोलत राहिले. कोण काढतंय, यावर ते फार वेळ थांबले नाहीत. रेघ आधी दिसली तर घाव चुकवता येतो का, याचीच दोघांना उत्सुकता लागली होती.

रविवारी सकाळी रेघ डाव्या पत्र्यावर होती. त्या ॲल्युमिनियमच्या, मागं बॅटरी असलेल्या. पासष्ट मिलिमीटर, आडवी.

रचनानं ती परत मोजली. तिथं घाव म्हणजे पत्रा फाटणार, बॅटरी पेटणार आणि शीटमागं आप्पांच्या डोळ्यांदेखत एडक्याचा कोळसा होणार. आप्पा पलीकडं चहा पीत कुणालातरी ड्रमचे दात कसे पाडले ते सांगत होते. आठ महिने जो माणूस दोन शब्द बोलला नव्हता, तो हातवारे करून बोलत होता.

"चुकवायचं," ती आदर्शला म्हणाली. "डावी बाजू भिंतीला लावून ठेवते. मग कुठनं मारतोय बघू."

समोर कोल्हापूरचा उपेंद्र होता, त्याच्या रोबोला आडवं फिरणारं लांब पातं. रचनानं ठरवल्याप्रमाणे केलं. एडक्याचं डावं अंग तिनं पिंजऱ्याच्या भिंतीपासून बोटभरही सुटू दिलं नाही. लोकांनी हुर्यो केली, एडक्याची शेळी झाली म्हणून ओरडले. पातं येत होतं, भिंतीची शीट खरवडत होतं, परत येत होतं. तीन मिनिटं संपली. एडक्याला एक ओरखडा नव्हता. शेवटच्या दहा सेकंदांत तिनं उपेंद्रच्या रोबोला एक टक्कर दिली होती, तेवढ्यावर पंचांनी दोन विरुद्ध एक निकाल दिला.

उपेंद्र हात मिळवायला आला, पण हात मिळवून झाल्यावरही गेला नाही.

"ताई, एक सांगू? मी उजवीकडं वळवत होतो. रिमोटची काडी पूर्ण उजवीकडं. माझा रोबो डावीकडं, तुमच्या त्या पत्र्याकडंच वढत होता."

रिमोट बिघडला असेल, असं रचना म्हणाली. तो म्हणाला, तपासलाय.

टेबलावर रेघ तशीच होती, अख्खी, घाव न बसलेली. एवढ्यात आप्पा आले. ड्रमच्या बेअरिंगचा आवाज बदललाय म्हणाले. जुन्या लेथवाल्यांची रीत असते, कान लावून ऐकायची. त्यांनी डाव्या पत्र्यावर डावा कान टेकला, हातानं ड्रम हळूहळू फिरवला, डोळे मिटून ऐकलं. बरंच ऐकलं. मग उठून म्हणाले, काही नाही, चांगलं आहे.

ते बाजूला झाले तेव्हा पत्रा स्वच्छ होता.

रचनानं एडका चारी बाजूंनी बघितला, उलटा करून बघितला. कुठंच काही नाही. आदर्शनं तिच्या पाठीवर थाप मारली. टळलं, म्हणाला. तिलाही तसंच वाटलं, आणि इतकं हलकं वाटलं की तिनं दोन कप चहा घेतला.

शेवटच्या लढतीत समोरचा रोबो पहिल्याच टकरीत बंद पडला. ढाल आप्पांच्या हातात दिली. ती काखेत मारून त्यांनी पंचांनाच बेअरिंगबद्दल सांगायला सुरुवात केली.

चारच्या उन्हात ओम्नी वखारीबाहेर उभी होती. आप्पा मधल्या सीटवर चढले, खिडकीशी बसले. पुढच्या खेपेला ड्रमला दोन दात जास्त पाडू, म्हणाले. हसले. हसताना त्यांनी मान वळवली.

डाव्या कानशिलापासून गालाच्या हाडापर्यंत एक रेघ होती. निळसर.

"आप्पा, हितं काय लागलंय?"

"कुटं?"

तिनं बोट लावलं. नख फिरवलं. कातडी गुळगुळीत होती.

"दुखतंय काय?"

"न्हाय गं. तेल लागलं आसंल. पूस की."

तिनं ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं आणि पुसलं. परत पुसलं. आप्पा लहान पोरासारखे तोंड पुढं करून बसले होते. पर्स तिच्या खांद्यालाच होती. व्हर्नियर काढायचं तिचं धाडस झालं नाही.

"आप्पा, तुम्ही त्या बाजूला सरका. हितं मी बसते."

"का?"

"वारं लागंल कानाला."

ते सरकले. ती त्यांच्या डाव्या बाजूला, दार आणि त्यांच्या मधे बसली. आदर्शला हळू चालव म्हणाली. किती हळू, त्यानं विचारलं. जमेल तेवढं, ती म्हणाली. त्यानं आरशातनं तिच्याकडं बघितलं आणि गिअर उतरवला.

घाट लागला तेव्हा तिनं आपला तळहात आप्पांच्या कानशिलावर ठेवला. रेघ पुरती झाकेल असा, घट्ट. आप्पा म्हणाले, मी काय तान्हं हाय का. पण हात काढायला लावला नाही. थोड्या वेळानं त्यांचं डोकं त्या हातावर जड झालं. समोरनं येणारा प्रत्येक ट्रक ती डोळ्यांनी मोजत होती.

घाट संपला. संकेश्वर मागं पडलं. हात बधिर झाला होता, तरी तिनं काढला नाही.

हत्तरगीच्या टोलनाक्यावर रांग होती. आदर्शनं मागं वळून पाण्याची बाटली पुढं केली. ती घ्यायला तिनं हात काढला आणि पसरला.

"आक्का," तो म्हणाला, "हाताला काय गं हे?"

तिनं आधी आप्पांकडं बघितलं. ते तोंड उघडं टाकून झोपले होते. कानशील कोरं होतं, सुरकुत्या सोडून काही नव्हतं. मग तिनं तळहात बघितला. बोटाच्या मुळापासून मनगटाकडं, तिरकी.

तिला हायसं वाटलं. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं.

"ग्रीस हाय," ती म्हणाली. "तू म्होरं बघ."

रांग हलली. तिनं मूठ मिटली आणि आप्पांना धक्का लागणार नाही अशा बेतानं त्यांच्यापासून लांब, पार दाराला चिकटून बसली.