न हलणारी रेघ

बसा, तुमच्या गाडीला अजून तासभर लागेल. तोवर सांगतो.

आमच्या गॅरेजात ब्रेकचं तेल बघायची एक रीत आहे, दादाने घालून दिलेली. ब्रेक आणि क्लच, दोन्हींचं तेल एकाच लहानशा प्लास्टिकच्या टाकीत असतं. जुन्या टाकीला तेलाचा पिवळा डाग धरतो, मग ती रिकामी असली तरी बाहेरून भरलेली दिसते. म्हणून गाडी हलवून बघायचं. तेलाची रेघ हलते, डागाची हलत नाही. "डागावर ब्रेक लागत नाहीत, शहाण्या," असं दादा वर ऐकवायचा.

चार वर्षांपूर्वी एका गाडीची टाकी मी नुसती वरवर बघितली. दादाने विचारलं, "हलवून बघितलंस ना?" मी हो म्हणालो. तो ती गाडी घेऊन उतारावर गेला आणि परत आला नाही. माझं खोटं मी कुणाजवळ बोललो नाही, वहिनीजवळ तर नाहीच.

गेल्या महिन्यात भर दुपारी वहिनी आली. लेकीला घेऊन तिला तोच उतार उतरायचा होता. क्लच हलका लागतोय म्हणाली. "भावजी, तुम्ही बघितलंत की मला घोर नाही." मायलेकी बाहेर बाकावर बसल्या.

मी बॉनेट उघडलं. रेघ वरच्या खुणेला होती. तेल ठीक आहे असं म्हणणार, तोच गाडी हलली. हँडब्रेक ओढलेला होता, आत कुणी नव्हतं. पुन्हा हलली, सावकाश... रेघ मात्र जागची हलली नाही.

झाकण काढलं तर तळाशी जेमतेम बोटभर तेल. क्लचची नळी सैल झाली होती. ती आवळली, तेल भरलं. आता नळीत शिरलेली हवा काढायला आत बसून पेडल दाबणारा माणूस लागतो. गाडीखाली शिरलो आणि सवयीने तोंडातून गेलं, "दाब..."

पेडल दाबलं गेलं.

"सोड..."

सुटलं. बुडबुडे संपेपर्यंत आम्ही ते काम केलं. दादाच्या तंबाखूचा वास येत होता. वर बघायची माझी छाती झाली नाही.

वहिनी सुखरूप पोचली. संध्याकाळी घरी निघताना मी माझी गाडी हलवून बघितली. माझंही घर उताराखालीच. सकाळी भरलेली टाकी आतून ठणठणीत कोरडी होती आणि खाली फरशीवर थेंबही नव्हता.

तेव्हापासून मी चालत घरी जातो. रोज टाकी भरायची, रोज सकाळी ती कोरडी.

आज सकाळी मात्र ती काठोकाठ भरलेली होती. चालकाची सीट दादाच्या उंचीइतकी मागे सरकलेली. आणि शेजारचं, दादा चालवायचा तेव्हा मी नेहमी बसायचो त्या बाजूचं दार उघडं.