एकविसाव्या दिवशीचं पाऊल

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी घोटीला तांदूळ आणायला गेले होते. वर्षाचा इंद्रायणी मी तिथूनच भरते. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात दुकानांतही मिळतो, पण घोटीजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी अकरा वर्षं नर्स होते, आणि जिथं नोकरी केली तिथला दाणा गोड लागतो अशी माझी आपली समजूत. नवरा हसतो. हसू दे.

गिरणीवर भाव करत उभी होते, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "रोहिणी सिस्टर ना?"

मनीषा होती. हर्षालीची आई. तिला पाहिलं आणि वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं.

हर्षालीचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सहा वर्षांची असताना तिचा घसा धरला, मग ताप, मग सांधे सुजले. त्या तापाने हृदयाची एक झडप खराब करून ठेवली. अशा मुलांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई लागते, वर्षानुवर्षं. ताप पुन्हा उलटू नये म्हणून. उलटला तर उरलीसुरली झडपही जाते. औषध दुधासारखं पांढरं, घट्ट. कमरेत दिलं की मूल दोन दिवस लंगडतं. शाळा आमच्या भिंतीपलीकडेच होती, त्यामुळे मधल्या सुट्टीत ती एकटीच यायची, हातात कार्ड घेऊन. मी सुई द्यायची आणि कार्डावर तारीख घालून सही करायची. ती रडायची नाही. माझ्या साडीचा काठ मुठीत धरून ठेवायची, एवढंच.

नऊ वर्षांची असताना एका जानेवारीत आली आणि म्हणाली, "सिस्टर, उद्या गॅदरिंग हाय. मी पहिल्या लाइनीत हाय. लंगडले तर बाई मला मागं टाकतील."

मला तिची दया आली. दया म्हणजे काय चीज असते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी सही केली, सुई दिली नाही. म्हटलं, "परवा ये. आणि घरी आईसमोर जरा लंगड हं." ती खुदकन हसली. मीही हसले. परवा ती आली नाही, आणि मी बोलावलं नाही. कार्डावर सही झालेली होती ना.

एकवीस दिवसांनी ती पुन्हा आली. त्या दिवशी माझ्या मुलाचा, ललितचा, वाढदिवस होता, एकची नाशिकची एसटी पकडायची होती. सुई दिल्यावर मूल अर्धा तास नजरेखाली ठेवावं लागतं. मी सही केली. या वेळी तिने मागितलंही नव्हतं. "आजपण लंगडू का?" एवढंच तिने विचारलं.

एप्रिलमध्ये ताप उलटला. मे महिन्यात नाशिकच्या मोठ्या दवाखान्यातच ती वारली. झडपा पार गेल्या होत्या. मी बदली मागून घेतली.

तर ती मनीषा. "चहा घ्यायला चला," म्हणाली. "तुमाला एक इचारायचंय. लय दिवसांचं हाय." मी तिच्यामागून चालू लागले.

घर दोन खोल्यांचं, नव्या फरशीचं. तिचा नवरा कामावर गेलेला. भिंतीवर हर्षालीचा फोटो, गॅदरिंगच्या कपड्यांतला. शेजारी दिनदर्शिका, तिच्यावर दर एकविसाव्या दिवशी लाल पेनाने गोल. दुपारचे साडेबारा झाले असतील. दुपारची वेळ वाईट, असं आमची आई म्हणायची, कारण रात्री निदान माणूस सावध तरी असतो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आजच्या तारखेभोवतीही गोल होता.

"वर्षश्राद्ध झालं तवापासून येती ती," मनीषा हळूच म्हणाली. जणू शेजारणीबद्दल सांगत होती. "एकवीस दिसांनी. दोन दिस ऱ्हाती. दिसत नाय. पाय वाजत्यात."

"मनीषा, अगं..."

"ऐका ना. एक पाय पडतो, एक घासत येतो. सुई घेतल्यावर चालायची ना, तशी. मला बरं वाटायचं. म्हनलं, तिथं बी कोनीतरी ध्यान देतंय माझ्या पोरीकडं." तिने पदराने नाक पुसलं. "पन औंदा जानेवारीत आली, ती पळत आली. नाचल्यावानी. मग पुढच्या खेपेला बी तशीच. मी कार्डावरच्या तारखा बघितल्या..."

तिने पत्र्याच्या पेटीतून कार्ड काढलं. त्या दोन तारखांपुढे माझी सही होती. चांगली ठसठशीत.

"कार्ड खरं का पाऊल खरं, सिस्टर?"

खरं सांगायची याहून सोपी संधी मला आयुष्यात मिळणार नव्हती. आणि मी काय बोलले, ऐका. मी म्हणाले, "हर्षाली म्हणाली होती, दुसऱ्या सिस्टरने सुई दिली. मी तिच्या शब्दावर सही केली."

मनीषाने कार्ड पेटीत ठेवलं. मग उठली. "म्हंजी माझ्याम्होरं लंगडायची ते सोंग व्हतं," ती म्हणाली. "खोटारडी. स्वतःच्या जिवाशी खेळली." तिने फोटो उलटा केला, तोंड भिंतीकडे.

आणि आतल्या खोलीत पाय वाजले.

थप. थप. थप. अनवाणी, हलके, सरळ. पळत आले, उंबऱ्यापाशी जरा थबकले आणि मी बसले होते त्या चटईसमोर येऊन थांबले. समोर रिकामी फरशी होती. मग माझ्या साडीचा काठ ताणला गेला... कोणी मुठीत धरावा तसा. मनीषा फोटोकडे बघत उभी होती. तिला ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

चहा न घेताच मी निघाले. तांदूळ गिरणीवरच राहिला.

एकविसाव्या दिवशी पाय माझ्या घरी वाजले. तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी, ललित कॉलेजात गेलेला असताना. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. सरळ पडणारे, पळणारे पाय. एकवीस दिवसांनी पुन्हा. मी देवाला नारळ ठेवला, घराची शांत करून घेतली, झोपेच्या गोळ्या घेतल्या. सगळं केलं, जे करायला हवं होतं ते सोडून.

शेवटी दिवाळीनंतर मी घोटीची एसटी पकडली.

मनीषाचं घर चिडीचूप होतं. "आता येत नाय ती," दारातच ती म्हणाली. "तुमी आला व्हता, त्या दिसापासून नाय. रागावले ना मी." फोटो अजून उलटाच होता.

मी सगळं सांगितलं. गॅदरिंग, ललितचा वाढदिवस, एकची एसटी, आणि लंगडायला मीच शिकवलं ते. शेवटी, का कोण जाणे, असंही म्हणाले की पहिल्यांदा तिनेच मागितलं होतं, फार गयावया केली होती.

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"लेकरू नऊ वर्साचं व्हतं," ती म्हणाली. "तुमी किती वर्साच्या व्हता?"

मग तिने फोटो सुलटा केला, काचेवरून तळवा फिरवला, आणि त्या फोटोलाच म्हणाली, "चुकले गं. तुला बोलले मी." माझ्याकडे पाठ करून ती तिथेच बसून राहिली. मी कधी बाहेर पडले, तिने पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, आता ती आईकडे परत जाईल. जायला हवं होतं. पण एकविसाव्या दिवशी ती माझ्याकडेच आली. फक्त आता पाय सरळ पडत नव्हता. एक पडायचा, एक घासत यायचा... हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत.

आधी मी स्वतःची समजूत घातली, की हे मी शिकवलेलंच सोंग असणार. पण मी शेकडो मुलं पाहिलीत. सोंग करणारं मूल वळताना पाय विसरतं आणि दोन पावलं नीट टाकतं. ही गॅलरीच्या दाराशी वळते, तेव्हा मी श्वास रोखून ऐकते. ती एकदाही विसरलेली नाही. सुई खरीच आहे.

कोण देतंय, ते मला माहीत नाही.