पुनमवरचा आळ

कुंदाबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि पिशवीतून पोरीचा गणवेश काढून त्यांनी टेबलावर ठेवला. वकील योगराजने हातातला चहाचा कप गुपचूप खाली ठेवला. बाई रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर त्याला जरा बरं वाटलं असतं. रडणाऱ्या माणसाला पाणी तरी देता येतं.

जळगावात मेहरूणला पुष्पाअक्कांचं घर आहे, तिथं ही मंडळी बसली होती. अक्का पूर्वी पोलिसात होत्या. आता खाजगी तपास करतात, आणि बहुतेक वेळा योगराजसाठीच करतात, कारण त्याला समोरचं दिसायला अंमळ वेळ लागतो. हे तोही मान्य करतो. काय करणार बिचारा.

प्रकरण साधं होतं. मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा. कुंदाबाईंची पुनम तिथं सहावीत होती. डिसेंबरात, शाळा चालू असताना, ती मागच्या केळीच्या बागेतल्या शेततळ्यात बुडाली. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्यावर पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. मुख्याध्यापक रतिलाल सरांनी जबाब दिला की पोर मधल्या सुट्टीत भिंत ओलांडून केळी चोरायला गेली होती. झालं. शिक्षण खात्यानं हात झटकले. मूल आपणहून पळालं, तेही चोरी करायला, मग शाळेची जबाबदारी कुठली?

योगराजने बाईंना कायदा समजावून सांगितला. शाळेच्या वेळात मूल शाळेच्या ताब्यात असतं, त्याचं काही बरंवाईट झालं तर शाळेनं उत्तर द्यायचं. पण ते पळून गेलं म्हटलं की आपली बाजू लंगडी पडते. हे तो बराच वेळ बोलत राहिला.

कुंदाबाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्याचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "भरपाईचं तुम्ही पाहा. मले एवढंच सांगा, माही पोर चोर व्हती का? गाव तसंच म्हणतं."

अक्कांनी गणवेश उलगडला. उजव्या खांद्यावर काळपट डाग होता, खांद्यावरून पाठीवर उतरलेला. पुढची बाजू स्वच्छ होती. कुंदाबाई म्हणाल्या, कितीही धुतला तरी जात नाही. अन् गणवेश तर कोरा होता, त्याच दिवशी पहिल्यांदा अंगात घातलेला.

"केळीचा चीक," अक्का म्हणाल्या.

योगराजचा चेहरा पडला. म्हणजे पोरीनं बागेत हात घातला होता तर, असं तो पुटपुटला. अक्कांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला.

मार्चच्या उन्हात दोघं गावात पोचले. आधी बागवाले प्रेमराजभाऊ भेटले. बाग अशी की बघत राहावं, प्रत्येक झाडाला घड लोंबत होता, अगदी हाताशी. योगराजला वाटलं, पोराटोरांना मोह होणारच. अक्का मात्र बागेचं कौतुक करत बसल्या. कधी लावली, कधी निसवली, म्हणजे झाडातून घड कधी बाहेर पडले, असलंच काहीबाही. प्रेमराजभाऊंनी सरळ सांगितलं, जूनची लागवड, संक्रांत झाल्यावर निसवली. तळ्याचा विषय निघाला तसा मात्र माणूस आटला. कुंपण घालायचं राहून गेलं, चूक आपलीच, एवढंच म्हणाले. पोरीला बाहेर त्यांनीच काढलं होतं. त्याबद्दल बोलताना ते आपल्या हातांकडे बघत होते.

मग शाळा. रतिलाल सर शिंदखेड्याकडचे, त्या जूनमध्येच बदली होऊन आलेले. आमच्याकडे बाजरी आणि कापूस, केळीतलं मला काही कळत नाही, बागेत मी कधी पाऊलही टाकलं नाही, असं ते स्वतःच म्हणाले. त्या दिवशी शाळेत शिक्षण परिषद होती. आसपासच्या सगळ्या शाळांचे गुरुजी आले होते. भरीत-पुरीचं जेवण होतं. माणसं ठरल्यापेक्षा जास्त आली, दोन पंगती कराव्या लागल्या, आणि आपण शेवटी बसलो. त्या धांदलीत पोर कधी निसटली ते कळलंच नाही. माणूस वाईट वाटत नव्हता. योगराजला तर त्यांची दया आली.

खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांना काही विचारलं की आधी कामाचं गाऱ्हाणं. पण त्या दिवशी सोपं गेलं म्हणे, एवढी माणसं जेवली तरी घासायला टोप, कढई आणि एकच ताट पडलं, सरांचं. जेवणं आटोपल्यावर प्रेमराज ओरडत आला, तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं. हे सांगून त्या पुन्हा तांदळातले खडे वेचू लागल्या.

परतताना योगराज म्हणाला, हाती काहीच लागलं नाही. अक्का म्हणाल्या, "उद्या कुंदाबाईंना घेऊन ये. शाळेत. आणि ह्या तिघांनाही बसव."

दुसऱ्या दिवशी सहावीच्या रिकाम्या वर्गात सगळे जमले. कुंदाबाई मुलांच्या बाकावर बसल्या. कोणता बाक पुनमचा, ते त्यांनी विचारलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही.

"सर," अक्का म्हणाल्या, "पुनम केळी चोरायला गेली, असं तुम्ही सांगितलंत. बाग संक्रांतीनंतर निसवली. डिसेंबरात तिथं एक केळं नव्हतं. ह्या गावातलं शेंबडं पोरही असं खोटं बोललं नसतं. तुम्ही बोललात, कारण तुम्हाला केळीतलं कळत नाही."

योगराजने कपाळावर हात मारला. आपण मार्चमधले घड बघून डिसेंबरातल्या पोरीला चोर ठरवत होतो!

त्याने विचारलं, मग चीक कसला? अक्का म्हणाल्या, पानांचा. बागेत त्या वेळी कापण्यासारखी पानंच होती. घड तोडला असता तर चीक पुढून, पोटावर सांडला असता. डाग खांद्यावर आणि पाठीवर होता, म्हणजे पोरीनं पानांचा भारा खांद्यावर वाहिला. कुणासाठी? एवढी माणसं जेवली आणि शेवंताबाईंना ताटं घासावी लागली नाहीत. खानदेशात भरीत कशावर वाढतात हे सांगायला का पाहिजे?

शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"म्हणजे पोर पानं घेऊन सुखरूप परत आली होती," योगराज हळूच म्हणाला. "मग बुडाली कधी?"

"माणसं वाढली, पानं कमी पडली. तिला पुन्हा पाठवलं." अक्का सरांकडे वळल्या. "होती ती पानं फाडून पुरवलीत, सगळे पानावर जेवले. ताट एकच निघालं, तुमचं. तुमच्या वाटचं पान आलंच नव्हतं, सर. म्हणून तुम्ही ताट घेतलंत. पोर परतली नाही हे त्या क्षणी ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, आणि ते जेवायला बसलं."

पहिले बोलले ते प्रेमराजभाऊ. तळ्यात पोरीजवळ केळीची पानं तरंगत होती, धुवायला वाकली असावी. पानं न्यायची परवानगी त्यांनीच दिली होती. त्याच दिवशी सरांनी त्यांना गाठून सांगितलं, पोर चोरून आली म्हटलं तर तुमच्या कुंपणाचंही कोणी विचारणार नाही. म्हणून त्यांनी पानं काढून फेकली आणि तोंड शिवलं.

रतिलाल सरांनी नाकारलं नाही. परिषदेला आलेले खात्याचे साहेब बसले होते, पंगत खोळंबली होती. पोर कुठंतरी खेळत असेल असं वाटलं. मग भूक लागली होती. ते एवढंच सांगू शकले.

आता दावा उभा राहतो, योगराजने बाईंना सांगितलं. पोर पळाली नव्हती, शाळेनंच शाळेच्या वेळात तिला आपल्या कामाला धाडलं होतं. जबाबदारी शाळेची, खात्याची आणि सरांचीही. चोरीचा जबाब ते आजच लेखी मागं घेतील. शिवाय उद्या सकाळी सगळ्या मुलांपुढे खरं काय ते सांगतील. सरांनी मान हलवली. योगराजला वाटलं, बाई आता तरी रडतील.

कुंदाबाईंनी सरांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"दुसऱ्या डाव जाय म्हटलं, तवा ती न्हाई म्हणाली का?"

सर म्हणाले, "नाही. थकली होती. पण जाते सर म्हणाली."

"म्हणनारच," कुंदाबाई म्हणाल्या. "सरांनी सांगितलं की उठायचं, मीच शिकवलं व्हतं तिले."

त्या बाकावरून उठल्या नाहीत. बाहेर सुट्टीची घंटा झाली, मुलं ओरडत मैदानात गेली, आणि त्यांना ऊठ म्हणायचा धीर कोणालाच झाला नाही.