घरचा माणूस शेवटी

तिला तो स्पीकर हवाच होता. कमरेएवढा उंच, चकचकीत काळा, आणि गाणं लागलं की कडेनं निळे-जांभळे दिवे पळायचे. जुन्या-नव्या सामानाच्या त्या दुकानात ती त्याच्याभोवती तिसरी फेरी मारत होती, तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला.

"दिवे छान आहेत हो. पण गातात का?"

तिनं वळून पाहिलं. कानावर स्क्रूड्रायव्हर खोचलेला एक तरुण उघड्या अॅम्प्लिफायरवर वाकला होता.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. पण हे पेशंट गेल्या महिन्यात तीनदा माझ्याकडे अॅडमिट होतं, म्हणून राहवलं नाही."

तिला रागवायचं होतं, पण फिस्सकन हसू आलं. त्या क्षणापासून त्याचं नाव पडलं — डॉक्टर.

आठवडाभर ती विम्याच्या ऑफिसात टायपिंग करायची. रविवारी मात्र तिला पार्ट्यांमध्ये कराओके घेऊन जाऊन लोकांना गायला लावायचं होतं. "लोक गातील गं," आई म्हणाली होती, "पण त्यांना ऐकणार कोण?"

डॉक्टरांनी तिच्यापुढे सामान मांडलं. दिसायला अगदी साधा, पण धडधाकट स्पीकर. आवाज जुळवायचा, बटणांच्या चार रांगांचा लहानसा मिक्सर. दोन माईक, दोन्ही वायरवाले.

"बिनवायरीचे नाहीत?" तिचं तोंड एवढंसं झालं.

"ते पुढे कधीतरी. स्वस्तातला बिनवायरीचा माईक ऐन वरच्या सुरात दगा देतो. वायर कशी, धरून ठेवते."

"कोणाला?"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी डोकं पुन्हा अॅम्प्लिफायरमध्ये घातलं. "लॅपटॉप... आहे तोच चालेल," आतून आवाज आला. "गाणी मात्र घरूनच भरून न्या. हॉलच्या इंटरनेटवर विसंबू नका. आणि माईकचं तोंड स्पीकरकडे करू देऊ नका कोणाला, किंचाळतो तो."

पहिल्या कार्यक्रमाला तो वायरी तपासायला म्हणून आला. दुसऱ्या वेळी त्यानं काहीतरी कारण काढलं. तिसऱ्यापासून कारण काढायचं दोघांनीही सोडून दिलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

काम तिला छान जमत होतं. माणूस "माझं नाव लिहून घ्या हं" एवढं बोलला, की ती ओळखायची, याचं गाणं दोन पट्ट्या खाली घ्यावं लागणार. मग तो गडी असा काही गायचा, की त्याची बायकोही चकित व्हायची. तिच्या टेबलावर एक दोरी बांधलेली असे. गाणाऱ्यांच्या चिठ्ठ्या ती कपड्यांच्या चिमट्यांनी त्या दोरीवर ओळीनं लावायची. पाहुणे आधी, घरचा माणूस शेवटी, हा तिचा नियम. आईनं जन्मभर पाहुण्यांना वाढून मगच स्वतःचं ताट घेतलं होतं. तेच वळण हिला लागलं होतं, आणि तिला त्याचा अभिमानही होता. डॉक्टर गातच नसे, त्यामुळे प्रश्न कधी आला नव्हता.

वर्ष सरलं. एका शनिवारी दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचं सामान गाडीत चढवताना तो म्हणाला, "मला दूरच्या शहरातून बोलावणं आलंय. मोठी साउंड कंपनी आहे. उद्या पाचपर्यंत कळवायचंय."

'राहा ना' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण आपल्यासाठी त्याची संधी हुकली तर? उद्या त्यानंच बोल लावला तर?

"तुझं तू ठरव बाबा," ती हसत म्हणाली. "मी कोण सांगणारी?"

तो बराच वेळ एकच वायर गुंडाळत राहिला. "बरं... मग उद्या मी एक गाणं गातो. पाचच्या आत. तू ऐक, मग ठरवू."

"तू? गाणार?"

"हसू नकोस गं!"

"चिठ्ठी टाकावी लागेल. इथे वशिला चालत नाही."

"टाकतो की, मालकीणबाई."

रविवारचा कार्यक्रम कुणाच्या तरी निवृत्तीचा होता, दुपारी बारा ते पाच. डॉक्टरची चिठ्ठी आली: 'डॉक्टर. गाणं ऐन वेळी सांगतो.' तिनं ती तिसऱ्या चिमट्याला लावली. मग निवृत्त साहेबांचे मेहुणे घाईत होते, त्यांना आधी घेतलं. मग दोन बहिणी आल्या. मग साहेबांचा सगळा जुना विभाग उठून आला. प्रत्येक वेळी ती त्याची चिठ्ठी एक चिमटा मागे सरकवायची. स्पीकरजवळून तो भुवया उंचावायचा. ती एक बोट दाखवायची — एकच, मग तू!

पाच वाजेपर्यंतची मुदत ती विसरली होती, असं मुळीच नाही. पण खरं सांगायचं तर तिला त्याच्या थांबण्यात गोडी वाटत होती. थांबू दे की जरा... आपलाच तर आहे, कुठे जातोय!

पाचला दहा कमी असताना तिनं माईक त्याच्यापुढे धरला, आणि तेवढ्यात साहेब स्वतः आले. डोळे ओले, हात बायकोच्या हातात. "पोरी, आम्हा दोघांचं एक शेवटचं." नाही कसं म्हणणार? तिनं डॉक्टरकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, हो म्हणून.

गाणं लांबलचक होतं. टाळ्या थांबायच्या आत हॉलचा मॅनेजर आला. "पाच वाजून गेले, पुढची पार्टी यायचीय," म्हणाला आणि त्यानं स्टेजचं मेन स्विच बंद केलं.

डॉक्टर दाराशी उभा होता, फोन खिशात ठेवत.

"काय कळवलंस?"

"येतो म्हणून."

"अरे पण गाणं? थांब, मी मॅनेजरना सांगते, पाचच मिनिटं—"

"राहू दे गं."

"जाऊ नकोस." कालपासून अडलेलं शेवटी तोंडातून निघून गेलं. "नको ना जाऊस."

तो तिच्या टेबलापाशी आला. "एवढंच तर ऐकायचं होतं. गाणं नुसतं निमित्त होतं."

"मग आता कळव ना त्यांना!"

"शब्द दिलाय मी. ते माझ्या भरवशावर काम घेऊन बसलेत." त्यानं हळूच दोरीवरून आपली चिठ्ठी काढली. "रागावलो नाहीये. पण दुपारभर ही सरकताना बघत होतो. वाटलं, तुझ्याकडे मी कायम शेवटीच असणार."

"घरचा म्हणून रे!" ती रडवेली झाली. "घरचा म्हणूनच ना!"

"हो. पण घरच्याला एकदा तरी सांगायचं असतं, की तो घरचा आहे."

हॉलची माणसं खुर्च्या एकात एक रचत होती. ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली, "आत्ता गा. माईक नको, काही नको. मी ऐकतेय."

तो गायला. आवाज कापरा, सूर जरा वरच चढलेला, पण एक शब्द चुकला नाही. किती दिवस एकट्यानं घोकलं असेल, तिच्या मनात आलं, आणि जीव गलबलला. मग पहिलं कडवं संपवून तो थांबला.

"पुढे?" तिनं विचारलं.

"पुढचं तुझं. चिठ्ठीवर नाव माझं एकट्याचं होतं, पण गाणं दोघांचं आहे."

शब्द तिला पाठ होते. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं... पण आवाजच फुटेना. तो वाट बघत उभा राहिला. दुपारभर राहिला होता तसाच, न कंटाळता. मग त्यानं वाकून स्पीकर उचलला आणि गाडीकडे चालू लागला.